पाठ लागल्यानंतर

२०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती लागली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे चालू केसरी होता. त्याच वर्षी १४ जानेवारीला पुण्यात त्याने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला ५५ सेकंदांत चितपट करून गदा उचलली होती. फुलगावात समोर मोहोळचा सिकंदर शेख उभा होता. सिकंदरने झोळी भरली, शिवराजची पाठ लागली आणि दहा महिन्यांपूर्वी मिळालेला मान त्याहून कमी वेळात गेला. चालू विजेत्याच्या वाट्याला इतका उघडा पराभव क्वचितच येतो. पण दिवाळीचे कंदील अजून उतरायचे होते, तोच धाराशिवला दुसऱ्या संघटनेने भरवलेल्या महाराष्ट्र केसरीत हाच शिवराज हर्षवर्धन सदगीरला हरवून पुन्हा केसरी झाला. दोन संघटनांच्या भांडणातून एका वर्षात दोन महाराष्ट्र केसरी व्हावेत ही गोष्ट महाराष्ट्राच्या कुस्तीला भूषणावह नाही. पण त्या भांडणामुळे एक दुर्मीळ दाखला मात्र हाती आला. आतून-बाहेरून हादरवून टाकेल अशा पराभवानंतर विजेत्याचे पुढे काय होते, हे एरवी पाहायला वर्ष जाते. इथे ते दहा-बारा दिवसांत दिसले.

अशा पराभवाबद्दल पारावर बसून बोलणाऱ्यांचे आणि वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्यांचे मत साधारण एकच असते. पहिलवान मनाने खचला की संपला, जिद्दीचा असला की परततो. हे मत चुकीचे नाही, पण त्याने काही उलगडत नाही. कारण जो परततो त्याला आपण नंतर जिद्दीचा म्हणतो आणि जो परतत नाही त्याला खचलेला म्हणतो. निकाल आधी लागतो, कारण मागून येते. माझे म्हणणे वेगळे आहे. फेरकुस्तीचे भवितव्य पराभव किती मोठा यावर फारसे ठरत नाही, पराभव किती स्वच्छ यावर ठरते. कोणत्या डावावर, कोणत्या चुकीमुळे पडलो हे मल्लाला, त्याच्या वस्तादाला आणि मैदानाला एकसारखे कळले असेल, तर मोठ्यातला मोठा पराभव पचतो. ते कळलेच नसेल, किंवा कळूनही मान्य झाले नसेल, तर एका गुणाची हारही माणसाला वर्षानुवर्षे पुरते. मराठवाड्याच्या, विशेषतः लातूर आणि नांदेडच्या कुस्तीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा प्रवास या दृष्टीने पाहिला, तर आपण काय कमावले आणि काय घालवले हे नीट दिसते.

मराठवाड्याला शाहू महाराज लाभले नाहीत, इथपासून सुरुवात करावी लागते. कोल्हापूरला १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतल्या तालमींना दरबारचा आधार मिळाला, पंजाबपर्यंतचे पहिलवान तिथे येऊन राहिले. त्याच काळात लातूर, नांदेड, उदगीर, निलंगा हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे होता. दरबार होता, पण तो दूर होता आणि त्याचे लक्ष इकडच्या गावगाड्याकडे नव्हते. उलट राजवटीच्या अखेरच्या दशकांत आर्य समाजाने उदगीर, निलंगा, लातूर या पट्ट्यात तरुणांसाठी व्यायामशाळा आणि आखाडे चालवले, तेव्हा सरकारला त्यांचा संशयच येत असे. म्हणजे इथल्या कुस्तीला राजाश्रय नव्हता, तिला आश्रय होता तो जत्रेचा. देवाची यात्रा भरली की शेवटच्या दिवशी फड लागायचा. लोकवर्गणीतून इनाम ठरायचे आणि पंचक्रोशीतले मल्ल लंगोट घेऊन हजर व्हायचे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोड्या-गाढवांचा बाजार, कुत्र्यांचे प्रदर्शन, तमाशाचे फड आणि कुस्त्यांची दंगल हे सगळे तिथे एकाच माळावर असते. लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतही महाशिवरात्रीच्या सुमारास कुस्त्या होतात. गावोगावच्या उरुसांची आणि जत्रांची तर गणतीच नाही.

या फडाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. दुपार कलली की आधी पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर आणि नारळावर. हलगी वाजत असते. मग इनाम चढत जाते तसे मल्ल मोठे होत जातात आणि दिवस मावळायच्या बेताला शेवटची, सगळ्यात मोठ्या इनामाची कुस्ती लागते. कमिटीचे लोक दोन मल्लांचे हात धरून मैदानाला फेरी मारतात. लोक अंगाचा अंदाज घेतात, जोड बरोबरीची वाटली नाही तर तिथेच आरडाओरडा करतात. पंच म्हणून बहुधा कोणीतरी जुना वस्ताद फेटा बांधून आत उतरतो. कुस्ती निकाली असेल तर वेळेचे बंधन सैल असते, गुणांचा हिशेब नसतो आणि निकालाची खूण एकच, पाठ लागली की नाही. अशा मैदानात हरलेल्या मल्लाकडे सबबीला जागा फार थोडी उरते. सभोवार बसलेल्या शेकडो डोळ्यांनी पाहिलेले असते की एकलंगी भरली गेली की ढाक लागली, की दम संपल्यावर नुसते रेटून पाडले. दुसऱ्या दिवशी गावच्या हौदात वस्ताद त्याला पुन्हा त्याच जागेवर उभा करतो आणि तोच डाव त्याच्यावर लावून त्याची तोड घटवून घेतो. प्रत्येक डावाला तोड असते, ही आखाड्यातली श्रद्धा आहे. या श्रद्धेमुळेच पराभव हा नशिबाचा घाला न राहता अभ्यासाचा विषय होतो.

आणि दुसरे असे की जत्रा दरवर्षी भरते. यंदा जो जोड लोकांनी डोक्यावर घेतला, तोच पुढच्या वर्षी पुन्हा लावला तर मैदान भरणार हे कमिटीला ठाऊक असते. म्हणून हरणाऱ्याला फेरकुस्ती मिळण्याची शक्यता या रीतीतच होती. तिच्यासाठी त्याला कोणाकडे अर्ज करावा लागत नव्हता. अर्थात मधल्या वर्षाची किंमत त्याला मोजावी लागे. हरलेल्या पहिलवानाची बिदागी उतरते आणि मराठवाड्यात खुराकाचा प्रश्न कायमच नाजूक. दूध, तूप, बदाम हे कोरडवाहू शेतीतून भागवायचे आणि दर काही वर्षांनी पाऊस दगा देणार. १९७२ च्या दुष्काळात माणसांना धान्य मिळेना, तिथे पहिलवानाच्या थंडाईची काय कथा. तेव्हा मराठवाड्यातला मल्ल परतला नाही, तर त्यात काळजाचा दोष किती आणि रित्या गोठ्याचा किती, हा हिशेब कुणी मांडलेला नाही.

या मातीतून आलेले सर्वांत मोठे नाव हरिश्चंद्र बिराजदार यांचे. त्यांचा जन्म १९५० चा, गाव निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड. तेव्हा ना लातूर जिल्हा होता, ना महाराष्ट्र. हैदराबाद संस्थान भारतात येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि निलंगा बीदर जिल्ह्यात होते. गावाकडच्या मातीत घडलेला हा पोरगा पुढे कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेला, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मध्यम वजनी गटात सुवर्णपदक घेऊन आला आणि पुढे रुस्तुम-ए-हिंद झाला. पण लातूरकडच्या जुन्या शौकिनांना विचारा, ते आधी पदकाचे बोलणार नाहीत. ते बेळगावचे बोलतील. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला आस्मान दाखवले. सतपाल हा गुरू हनुमानांचा पठ्ठा, बिराजदारांपेक्षा वयाने पाच वर्षांनी लहान, अंगाने मोठा आणि ऐन भरात. त्याच काळात कोल्हापुरात युवराज पाटलांनीही त्याला हरवले. उत्तरेतल्या नावाजलेल्या विजेत्याला मराठी मातीत असे दोनदा पडावे लागले.

बिराजदारांच्या विजयाचे पोवाडे आपण पुष्कळ गायलो. मला मात्र या कथेतला सतपाल तितकाच महत्त्वाचा वाटतो. हजारो लोकांसमोर चितपट झालेला हा मल्ल संपला नाही. १९७४ च्या तेहरान आशियाई खेळांत त्याला कांस्य मिळाले होते. १९७८ मध्ये बँकॉकला त्याने रौप्य मिळवले आणि १९८२ मध्ये दिल्लीत सुवर्ण. पुढे गुरू म्हणून त्याने जे घडवले ते सर्वश्रुत आहे. बेळगावच्या पराभवामुळेच सतपाल मोठा झाला, असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला पुरावा नाही. एवढेच म्हणतो की भरल्या मैदानात लागलेली पाठ त्याला आडवी आली नाही. तो पराभव निर्विवाद होता, त्याच्याशी भांडत बसण्याची सोय नव्हती. आणि बिराजदारांकडे पाहिले तर तेही पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि स्वतः हरण्या-जिंकण्यातून शिकलेले त्यांनी पुढच्या पिढीला दिले. लातूर जिल्ह्यातले काका पवार, बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे ही त्यांचीच परंपरा. २०११ मध्ये बिराजदार गेले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राहुलने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि ते त्यांनाच अर्पण केले.

मुष्टियुद्धाच्या जगात अशा फेरलढतींचा इतिहास अधिक नीट नोंदलेला आहे, म्हणून तिकडे एक नजर टाकावी. १९३६ मध्ये जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने तोवर अजिंक्य असलेल्या जो लुईला बाराव्या फेरीत झोपवले. श्मेलिंगने लुईच्या लढतींचे चित्रपट पाहून हेरले होते की डावा ठोसा मारल्यावर लुईचा डावा हात खाली घसरतो आणि त्या फटीतून उजवा ठोसा आत जातो. दोष असा बोट ठेवून दाखवता येईल इतका स्पष्ट होता, म्हणून तो दुरुस्तही करता आला. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये लुईने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे आणि चार सेकंदांत आडवे केले. फ्लॉइड पॅटरसनची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण त्यात एकाच माणसाचे दोन वेगळे निकाल आहेत. १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या फेरीत सात वेळा जमिनीवर पाडून जगज्जेतेपद काढून घेतले. वर्षभरात पॅटरसनने पाचव्या फेरीत योहान्सनला झोपवून ते परत मिळवले. हेवीवेट गटात गेलेले जगज्जेतेपद परत मिळवणारा तो पहिलाच. पण १९६२ मध्ये सनी लिस्टनने त्याला पहिल्याच फेरीत गारद केले, तेव्हा पॅटरसन खोटी दाढी लावून, वेश बदलून शहराबाहेर पडला. दहा महिन्यांनी फेरलढत झाली आणि पुन्हा पहिल्याच फेरीत तोच निकाल लागला.

एकच माणूस, तेच काळीज. मग एकदा जमले आणि एकदा का जमले नाही? योहान्सनकडे एक उजवा हात होता आणि त्याला तोड होती. लिस्टनकडे मोठा देह, लांब हात आणि प्रचंड ताकद होती आणि त्याला पॅटरसनच्या शरीरात तोड नव्हती. माझ्या म्हणण्याला इथे एक मर्यादा पडते, ती मान्य केलीच पाहिजे. पराभव स्वच्छ असला की चूक कळते, पण कळलेली प्रत्येक चूक सुधारण्याजोगी असतेच असे नाही. धाराशिवच्या अंतिम कुस्तीतही हेच दिसले. हर्षवर्धन सदगीर हा २०२० चा केसरी. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात गादी विभागात शिवराजने त्याला हरवले होते. धाराशिवची कुस्ती म्हणजे सदगीरसाठी फेरकुस्तीच होती आणि तिथेही तो हरला. दोघे काका पवारांच्याच तालमीतले, रोजच्या सरावात एकमेकांचा घाम ओळखणारे. चूक कळत नव्हती असे नव्हे. तोड चालली नाही, एवढेच.

शिवराजचे काय, असे कोणी विचारील. त्याच्या फुलगावच्या पराभवात सुधारता येईल असे काय होते? झोळी हा डाव पाहिलेल्यांना कळेल. समोरच्याचे डोके खाली गेले आणि पाय वाकला की एक हात मानेवरून, दुसरा गुडघ्यामागून जातो. पंजे जुळले की मान आणि गुडघा एकत्र ओढले जातात, माणसाचे गाठोडे होते आणि तो पाठीवर जातो. एकदा पंजे जुळले की ताकद कामाची नाही, तोड त्याच्या आधीच करायची असते. कंबर मागे ठेवायची, पाय ताठ फेकायचा, डोके वर राखायचे. म्हणजे चूक पाव सेकंदाची आणि वीतभर अंतराची आहे. ती शिवराजने एकदा केली म्हणून त्याचे बाकीचे बळ कुठे गेले नव्हते. पराभव दिसायला प्रचंड होता, पण त्यातला दोष लहान आणि नेमका होता. त्याला दहा दिवस पुरले, यात मला नवल वाटत नाही. कोणी म्हणेल की धाराशिवला सिकंदर कुठे होता, ही खरी फेरकुस्ती नव्हतीच. हा आक्षेप रास्त आहे. प्रतिस्पर्धी बदलला होता. पण विजेत्यापुढचा पहिला प्रश्न त्याच माणसाला हरवण्याचा नसतो. पाठ लागल्यानंतर पुन्हा शड्डू ठोकून मैदानात उतरण्याचा असतो, आणि त्याचे उत्तर धाराशिवला मिळाले.

आता उलट बाजू. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराजला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे शिवराजचे म्हणणे होते. व्हिडिओ पाहून फेरविचार करण्याची मागणी झाली, ती मान्य झाली नाही, आणि संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडही निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उचलणे अक्षम्य आहे. आखाड्यात पंच हा वस्तादाच्या जागी असतो, त्याच्या अंगाला पाय लागणे हे कोणत्याही तालमीत पाप मानले जाईल. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या माणसाने फुलगावचा अर्ध्या मिनिटातला पराभव मुकाट्याने पचवला, तोच माणूस अहिल्यानगरला तोल घालवून बसला. स्वभाव तर तोच होता. बदलली होती ती पराभवाची जात. एका पराभवात त्याला आपली चूक दिसत होती, दुसऱ्यात दुसऱ्याची चूक दिसत होती. आणि दुसऱ्याची चूक सुधारायला पहिलवानाकडे डाव नसतो.

याविरुद्ध सर्वांत बळकट दाखला खुद्द सिकंदर शेखचाच आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जानेवारी २०२३ मध्ये माती विभागात महेंद्र गायकवाडविरुद्ध त्याच्यावर चार गुणांचा जो निर्णय गेला, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. तोही वादग्रस्तच पराभव. तरी सिकंदर नोव्हेंबरमध्ये केसरी झाला. मग माझे म्हणणे कोसळते का? मला तसे वाटत नाही. सिकंदरच्या बाजूने त्याचे भांडण दुसऱ्यांनी भांडले. लोकांनी, वर्तमानपत्रांनी, गावोगावच्या मैदानांनी त्याला हरलेला मानलेच नाही. वर्षभर जत्रांच्या मैदानात तो निकाली कुस्त्या खेळत राहिला आणि तिथे गुणांचा प्रश्नच नव्हता. जो हिशेब स्पर्धेत गढूळ झाला तो जत्रेच्या मैदानात स्वच्छ झाला. म्हणजे वादग्रस्त पराभवातूनही वाट निघते, पण ती काढायला शेजारी निकाली मैदान जिवंत असावे लागते.

जुन्या फडाचे मी गोडवे गातो आहे, असा समज होऊ नये. त्यात खोट भरपूर होती. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, ही जत्रेचीच देणगी. कमिटीतल्या वजनदार माणसाचा पठ्ठा असला की त्याच्यापुढे हलका जोड टाकला जाई. पाठ लागली की नाही यावरून मैदानात दंगे होत. निकाली कुस्ती तासन्‌तास रेंगाळे आणि शेवटी बरोबरीत सुटे. १९१० मध्ये लंडनला गामा आणि झिबिस्को यांची कुस्ती अशीच अडीच तासांवर चालली, कारण झिबिस्को गादीला पोट चिकटवून पडून राहिला. ठरलेल्या फेरकुस्तीला तो आलाच नाही. अखेर १९२८ मध्ये पतियाळाला मातीत दोघे समोरासमोर आले आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत पाडले. अठरा वर्षांचा तंटा मिटला, पण जागा बदलून, गादीवरून मातीत येऊन. तेव्हा आजचे गुण, वेळेचे बंधन, वजनगट या सगळ्याने कुस्ती अधिक न्यायाची झाली हे मी मान्य करतो. वजनगट नसते तर लातूरच्या एखाद्या सत्तर किलोच्या पोराला आयुष्यभर शंभर किलोच्या मल्लाखाली दबून राहावे लागले असते.

गुणांच्या कुस्तीत फक्त एक गोष्ट सुटली आणि ती परत आणता येण्यासारखी आहे. ७ जानेवारी २०२० ला बालेवाडीत लातूरचा शैलेश शेळके महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत पोहोचला. समोर नाशिकचा सदगीर, दोघे काका पवारांचेच चेले. सदगीर ३-२ ने जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. त्या प्रसंगाने मैदान हेलावले, ते योग्यच होते. पण एका गुणाने हरलेल्या लातूरच्या या मल्लाला सदगीरविरुद्ध तीच कुस्ती पुन्हा मिळावी, याची सोय कोणत्याही व्यवस्थेत नव्हती. जुन्या रीतीत असा जोड पुढच्याच यात्रेत लागला असता. स्पर्धेच्या वेळापत्रकात दोन माणसे पुन्हा समोर येणे हा योगायोग असतो. सदगीर आणि शिवराज दहा महिन्यांत पुन्हा भेटले, तेही संघटना फुटल्यामुळे. मुष्टियुद्धात फेरलढतीचे कलम करारात लिहिलेले असे, म्हणून पॅटरसनला योहान्सन पुन्हा मिळाला. आपल्याकडे ते काम कागदाविना जत्रा करीत होती.

शेवटचा आक्षेप असा की परतलेल्यांच्याच कथा टिकतात. बिराजदार, सतपाल, शिवराज ही नावे राहिली. जो माळेगावला एकदा चितपट झाला आणि पुन्हा लंगोट चढवला नाही, त्याचे नाव कुठेच नाही. मग चार-सहा नावांवरून नियम कसा काढायचा? हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, कारण तो खरा आहे. एडिंबरोच्या कुस्त्यांचे निकाल कागदावर मिळतात, पण रामलिंग मुदगडच्या जत्रेत कोण कोणावर कोणत्या डावाने जिंकला, हे लिहून ठेवण्याची आपल्याकडे चालच नाही. इनामाची पावती फाडली जाते, वर्गणीदारांची यादी फळ्यावर लागते, पण कुस्त्यांचा निकाल हलगीबरोबर विरून जातो. लातूर-नांदेडच्या कुस्तीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला त्यामुळे विजेत्यांचीच साक्ष काढावी लागते.

म्हणून माळेगावच्या यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या नांदेड जिल्हा परिषदेला, लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या मंडळींना आणि गावोगावच्या यात्रा कमिट्यांना दोन विनंत्या आहेत. दर कुस्तीमागे एक ओळ वहीत लिहा. दोघांची नावे, गावे, वस्ताद, लागलेला वेळ आणि निकाली डाव, एवढेच. आणि शेवटच्या इनामाच्या कुस्तीत यंदा जो हरेल, त्याची इच्छा असेल तर पुढच्या वर्षी त्याच जोडीदाराशी त्याची कुस्ती पहिल्यांदा ठरवा, बाकीचे जोड मग लावा. राज्याच्या संघटनांनाही एक मागणे आहे. खांदे टेकले की नाही असा वाद निघाला, तर तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर दोन्ही मल्लांना आणि लोकांना ते पुन्हा दाखवा. खर्च फारसा नाही.